बिनडोक्याचं झुरळ आणि दीड एकर रान

पत्र

मॅडम, मी सव्वीस वर्षांची आहे. कोल्हापुरातून झूऑलॉजीत एमएस्सी केलं, गेल्या वर्षी सीएसआयआरची नेट ही पात्रता परीक्षा जेआरएफसह, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसह, निघाली. दोन वर्षं आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पैसे हातात येतात ते वर्षातून दोनदा, पण शिकवायला मनापासून आवडतं. मागच्या सत्रात झुरळाची मज्जासंस्था शिकवत होते. शेवटच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘मॅडम, डोकं तोडलेलं झुरळ कितीतरी दिवस जगतं म्हणे. मग त्याला मेंदू लागतोच कशाला?’ वर्ग हसला. मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. मला न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करून विद्यापीठात शिकवायचंय. जवळच्या विद्यापीठातले एक सर म्हणतात, ‘ये, माझ्याकडे जागा आहे. टॉपिक मी देतो, कॉलेज चालूच ठेव.’ मैत्रीण म्हणते पुण्याला नाहीतर बंगळूरला जा. जर्मनीतला मामेभाऊ म्हणतो इकडे ये. काका म्हणतात, आधी सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, दे. घरात स्थळं बघणं चालू आहे. आणि वडील म्हणतात, एका संस्थेत कायमची जागा निघतेय, विहिरीकडचं दीड एकर रान विकू, पण तू एकदाची चिकटून जा. काय करू?

शु., सांगली जिल्हा

उत्तर

प्रिय शु.,

तुला अगं-तुगं करते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

सगळ्यात आधी रान. ते विकायचं नाही. वडिलांचा हिशेब मला कळतो: कायमच्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते, घरापासून दहा किलोमीटरवर नोकरी, पोरगी डोळ्यांसमोर. यात गैर काही नाही. पण जागेसाठी पैसे देणं हा गुन्हा आहे, त्या पैशांची पावती नसते, आणि पैसे घेणारा माणूस पुढच्या पायऱ्यांचा मालक नसतो. पदाला शासनाची मान्यता, बिंदुनामावलीची (आरक्षणाच्या क्रमाची) तपासणी, निवड समिती, मग विद्यापीठाचं ॲप्रूव्हल. यातलं एक अडकलं की माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी हजेरी लावतो. माझ्या ओळखीतल्या एकाची अशी सहा वर्षं गेली. जमीन आधीच गेली होती, त्यामुळे सोडूनही जाता येईना. वडिलांना सांगताना तत्त्वाच्या गोष्टी सांगत बसू नकोस. फक्त विचार, ‘आप्पा, ॲप्रूव्हल अडकलं तर पैसे परत कोण देणार, आणि ते कुणाच्या सहीने?’

काकांचं तर एका ओळीत: नेट असताना सेटची गरज नाही. फॉर्मचे पैसे वाचव.

आता त्या मुलाकडे येते. तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस मला तोच वाटला, आणि तू त्याला तीन वाक्यांत उरकलंस.

त्याच्या प्रश्नावर १९६२ साली ‘नेचर’मध्ये एक छोटासा निबंध आला होता. ॲड्रियन हॉरिज नावाच्या संशोधकाने डोकं काढलेली झुरळं खाऱ्या पाण्याच्या वर टांगली. पाय खाली सोडला की तो पाण्याला टेकायचा आणि विजेचा बारीकसा झटका बसायचा. अर्ध्या-पाऊण तासात ते बिनडोक्याचं झुरळ पाय वर धरून ठेवायला शिकलं! म्हणजे छातीतल्या गंडिका, चेतापेशींचे गुच्छ, मेंदूला न विचारता थोडंफार शिकू शकतात. पण मला आवडतं ते हे नाही. मला आवडतं ते त्या प्रयोगातलं दुसरं झुरळ. पहिल्याला झटका बसला की त्याच क्षणी दुसऱ्यालाही बसायचा, त्याचा पाय कुठेही असला तरी. झटके तेवढेच, वेळही तीच, फक्त पाय खाली असण्याशी त्यांचा संबंध नाही. हे दुसरं झुरळ शिकलं नाही. ते नसतं, तर कुणीही म्हणालं असतं की झटक्यांनी स्नायू आखडला, म्हणून पाय वर राहिला, त्यात शिकणं कसलं?

पहिलं झुरळ बघून सगळेच चकित होतात, तुझा वर्गही होईल. दुसरं झुरळ आधी आपल्याला सुचायला हवं होतं असं ज्याला वाटतं, त्याने संशोधनाच्या वाटेला जावं. तुला यातलं नेमकं काय वाटतं, हे पत्रावरून मला कळत नाही आणि कदाचित तुलाही अजून माहीत नसेल. मी पुढे जे सांगते आहे, ते बरंचसं हे शोधून काढण्याबद्दल आहे.

कारण मेंदू हा विषय फसवा आहे. ८६ अब्ज चेतापेशी, स्मृती, स्वप्नं, जाणीव, मी कोण. हे ऐकून दरवर्षी दोन-तीन मुलं डोळे चमकवत माझ्याकडे येतात. त्यांना मी म्हणते, माझा एक दिवस ऐका.

पीएचडीच्या काळात मी उंदराच्या मेंदूचे काप घेऊन एकेका पेशीतले विद्युत संकेत मोजायचे. पॅच क्लॅम्प म्हणतात त्याला. सकाळी आठला द्रावण करायचं, त्यात ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सोडत राहायचं. मेंदू बाहेर काढायचा, बर्फासारख्या थंड द्रावणात ०.३ मिलिमीटर जाडीचे काप करायचे, ते तासभर सावरू द्यायचे. मग काचेची नळी तापवून ओढायची, तिचं टोक एका मायक्रॉनच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक पेशीला टेकवायचं, तोंडाने हलकेच हवा ओढायची, आणि काच पेशीच्या पडद्याला चिकटली तर चिकटली. काप जगतात काही तास. तेवढ्यात चांगल्या तीन पेशी मिळाल्या तर मी रात्री मैत्रिणींना कांदाभजी खाऊ घालायचे. बहुतेक दिवशी भजी नसायची.

दुसऱ्या वर्षी माझ्या नोंदींमध्ये एकदम ५० हर्ट्झची घरघर यायला लागली. आपल्या विजेची वारंवारता. म्हणजे बाहेरचा प्रवाह कुठूनतरी शिरत होता. ट्यूबलाइट बंद केल्या, पंखे बंद केले, यंत्राभोवतीचा जाळीचा पिंजरा पुन्हा बांधला, शेजारच्या खोलीतल्या फ्रिजवर संशय घेऊन त्याच्या मालकाशी भांडले. अडीच महिन्यांनी सापडलं: टेबलाखालची अर्थिंगची एक वायर सैल होती. त्या अडीच महिन्यांत माझ्या वहीत एकही पेशी नाही. माझ्या लग्नाचा अल्बम मला धूसर आठवतो, ती वायर अजून लख्ख आठवते.

तर प्रश्न असा की अशा अडीच महिन्यांनंतर सोमवारी सकाळी तुला परत तिकडे जावंसं वाटेल का. याचं उत्तर घरी बसून, वाचून, मला पत्र लिहून मिळणार नाही. प्रयोगशाळेत दोन महिने बसून मिळेल. म्हणून पाच वर्षांचा निर्णय घेण्याआधी हे दोन महिने काढ. बंगळूरची विज्ञान अकादमी, दिल्लीची आणि प्रयागराजची अशा तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. विद्यार्थ्यांना देतात तशी शिक्षकांनाही. ही गोष्ट आपल्याकडच्या निम्म्या स्टाफरूमना माहीत नसते. तासिका तत्त्वावरच्यांना ती कशी लागू होते ते अकादमीला ईमेल करून थेट विचारून घे. नाहीच जमलं, तर जेआरएफ हातात असलेली मुलगी स्वतः लिहून दोन महिने बसू देण्याची विनंती करते तेव्हा बऱ्याच लॅबवाले नाही म्हणत नाहीत.

आता ‘टॉपिक मी देतो’ म्हणणाऱ्या सरांबद्दल. मी त्यांना ओळखत नाही आणि त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. राज्यातल्या विद्यापीठांतही चांगलं काम झालंय. नागपूर विद्यापीठात मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडांवर, म्हणजे चेतापेशींच्या निरोप्या रेणूंवर, झालेलं काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आलंय, आणि ते काही कोटींच्या यंत्रांवर झालेलं नाही. पण दिलेला टॉपिक म्हणजे कोणत्यातरी वनस्पतीचा अर्क उंदरांना पाजायचा, त्यांना चक्रव्यूहात सोडायचं, शेवटी मेंदू कुस्करून दोन-चार एन्झाइम मोजायची आणि ‘अर्क गुणकारी आहे’ असं लिहायचं, असा असेल तर सावध हो. त्यात बहुतेक वेळा दुसरं झुरळ नसतं. सरांना भेटून तीन गोष्टी सरळ विचार. गेल्या पाच वर्षांत तुमच्या किती विद्यार्थ्यांनी थिसिस दिला आणि ते आज कुठे आहेत? प्राणीगृह आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आज आहे, की ‘होईल’? आणि यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीचा खर्च कुठल्या प्रकल्पातून होतो? मग त्यांच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून कॅन्टीनमध्ये चहा पाज. खरी उत्तरं तिथे मिळतात.

‘कॉलेज चालूच ठेव’ हे मात्र साफ चुकीचं आहे. जेआरएफ ही पूर्णवेळ फेलोशिप आहे. ती घेत असताना दुसरीकडून मानधन घेता येत नाही आणि तसं लिहून द्यावं लागतं. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी करता येते, पण मग फेलोशिप गेली. दोन्ही दगडांवर पाय ठेवून पुढे चौकशीत अडकलेले लोक मी पाहिलेत. जेआरएफच्या पत्रावर ती कधीपर्यंत सुरू करायची ती मुदत लिहिलेली असते. ती तारीख आजच बघ आणि कपाटावर चिकटव.

पुणे-बंगळूरचं मैत्रीण म्हणते ते मला सगळ्यात बरं वाटतं. नावाच्या वजनासाठी म्हणत नाही. बंगळूरच्या एनसीबीएस या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी पहिल्या वर्षी वेगवेगळ्या लॅबमध्ये काही आठवडे काम करून मग गाइड निवडायचा असतो, म्हणजे लग्नाआधी भेटीगाठी होतात. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) जीवशास्त्राचा विभाग आहे. पुण्याच्या आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थेत गाणाऱ्या पक्ष्यांपासून वासाच्या ज्ञानापर्यंत कामं चालतात. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. बंगळूरला आयआयएस्सीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, न्यूरोसायन्सचं स्वतंत्र केंद्र आहे आणि माणसाच्या आजारांकडे ओढा असेल तर निम्हान्स ही मनोविकार आणि मेंदूविकारांची संस्था. टीआयएफआर, एनसीबीएस आणि इतर काही संस्थांसाठी जेजीईईबिल्स (JGEEBILS) ही प्रवेश परीक्षा साधारण डिसेंबरात होते. नेट-जेआरएफवर थेट मुलाखतीला बोलावणाऱ्या संस्थाही पुष्कळ आहेत. फेलोशिप महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर मूल्यमापन होऊन ४२,०००, शिवाय हॉस्टेल किंवा घरभाडं. आत्ताच्या तुझ्या मानधनापेक्षा हे जास्त आहे आणि दर महिन्याचं आहे, हेही आप्पांना सांग. (वेळेवर येईलच असं म्हणत नाही. कधी दोन-तीन महिने रखडते. पहिल्या वर्षासाठी थोडे पैसे बाजूला ठेव.)

मुलाखतीत तुला विचारतील, ‘मेंदूच का?’ तेव्हा मेंदू किती अद्भुत आहे ते सांगू नकोस, त्यांना ते माहीत आहे. झुरळाची गोष्ट सांग. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दिकींनी फळमाशी घेऊन काम सुरू केलं, ते अशाच एखाद्या प्रश्नाचं बोट धरून. १९७० च्या दशकात त्यांनी आणि अमेरिकेतल्या सीमोर बेंझरने तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्या अभ्यासल्या. चेतापेशीतला संकेत कसा पुढे जातो हे त्या लुळेपणातून कळत गेलं. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज नैरोबीत जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या घरातल्या. डब्लिनला शिकत असताना त्यांनी सिद्दिकींचा एक शोधनिबंध वाचला, पत्र लिहिलं आणि थेट मुंबई गाठली. माशीला चव आणि वास कसा कळतो यावरचं त्यांचं काम पुढे जगभर पोहोचलं. युरोपात शिकणारी मुलगी पीएचडीसाठी मुंबईला येते, हे आपल्याकडे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आणि गाइड निवडताना प्रश्न बघ, यंत्र बघू नकोस. अजय व्यास, सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरला एक साधं काम केलं, २००२ साली छापून आलं. सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखडतात, हे आधीच ठाऊक होतं. यांनी शेजारी भीतीशी संबंधित अमिग्डालामध्ये बघितलं, तर तिथे फांद्या वाढलेल्या! एकच ताण, एकाच मेंदूत दोन उलटे परिणाम. पेशी रंगवायच्या आणि फांद्या मोजायच्या, ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. नवा होता तो प्रश्न. टीआयएफआरच्या विदिता वैद्य सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन आणि बालपणीच्या ताणाचा मागोवा वर्षानुवर्षं घेत आल्या आहेत. त्यांचे निबंध ओळीने वाचलेस तर एक प्रश्न वीस वर्षं कसा वाढवायचा असतो ते दिसेल.

जर्मनीचं थोडक्यात. गटिंगनला मॅक्स प्लांकचा न्यूरोसायन्स कार्यक्रम आहे. ज्या गावात नेहर आणि साकमान यांनी पॅच क्लॅम्प शोधला तेच हे गाव, तिथे मी दोन दिवस नुसती हिंडले होते, पंढरीला गेल्यासारखी. प्रवेश अवघड पण शिक्षण पगारी. अमेरिकेत पीएचडीला विद्यावेतन मिळतं, मात्र २०२५ मध्ये तिथल्या संशोधन निधीला कात्री लागली आणि बऱ्याच विद्यापीठांनी प्रवेश आखडते घेतले, तेव्हा सगळी भिस्त तिकडे ठेवू नकोस. एक गोष्ट पक्की धर: परदेशात मास्टर्स करण्यासाठी कर्ज काढायचं नाही. चांगली पीएचडी कुठेही पगारीच असते. आणि परदेश पीएचडीनंतर पोस्टडॉकलाही, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या काही वर्षांच्या संशोधनालाही, होतो, तेव्हा हातात काम असतं आणि निवड तुझी असते.

आता जे कुणी सांगत नाही ते. तू सत्ताविसाव्या वर्षी सुरू केलंस तर बत्तीस-तेहेतिसाव्या वर्षी डॉक्टर होशील. संशोधन संस्थेत प्राध्यापक व्हायचं तर त्यानंतर तीन-चार वर्षं पोस्टडॉक, बहुतेकांना त्याहून जास्त. छत्तीस-सदतिसाव्या वर्षी अर्ज, तेही मोजक्या जागांसाठी. आयसरसारख्या ठिकाणी सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन १,०१,५०० पासून आहे, सुरुवातीला लॅब उभारायला पैसे मिळतात आणि शिकवण्याचे तास कमी असतात. राज्याच्या विद्यापीठात किंवा कॉलेजात सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं. वर प्रवेश, परीक्षा, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली. माझ्या लॅबचं दार मी नोकरी लागल्यावर आधी आठवड्यातून चार दिवस उघडायचे, मग दोन, मग सुट्टीत. शेवटची पेशी मी २००९ साली पकडली. त्यानंतर वर्तनाचे साधे प्रयोग, इतरांच्या सोबतीने थोडं विश्लेषण, आणि मुलं.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. शिकवणं हे संशोधनात न टिकलेल्यांचं काम आहे असं आपल्या क्षेत्रात दबक्या आवाजात म्हणतात, आणि ते मला कधीच पटलं नाही. तुझ्या पत्रात जो एकमेव जिवंत प्रसंग आहे तो वर्गातला आहे. कदाचित तू त्या बाजूची असशील. पण तसं असेल, तर पीएचडीतला अनुभव जास्तच लागेल. ज्याने स्वतः अर्थिंगची वायर शोधलेली नाही, तो झुरळाची मज्जासंस्था तक्त्यावरून शिकवतो आणि वर्ग हसला की गप्प बसतो. (यूजीसीने २०१४ मध्ये प्रात्यक्षिकातलं विच्छेदन थांबवल्यापासून तक्त्याशिवाय फारसं काही उरलं नाही, हे मान्य. पण बॅकयार्ड ब्रेन्स नावाच्या कंपनीचं एक छोटं उपकरण मिळतं, हाताच्या दंडावर चिकटवलं की स्नायूतले विद्युत संकेत फोनच्या पडद्यावर दिसतात. कुठलाही जीव न मारता मुलांना मज्जासंस्था ऐकवता येते. तुमच्या प्राचार्यांकडे मागून बघ.)

अजून एक व्यवहाराची गोष्ट, जिच्यावरून मी निवड समित्यांमध्ये भांडणं ऐकली आहेत. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत न्यूरोसायन्स नावाचा विभागच नाही. हा विषय झूऑलॉजी, लाइफ सायन्सेस, फार्मसी, फार फार तर मानसशास्त्र यांच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहतो. म्हणजे तू अर्ज करशील तो झूऑलॉजीच्या जागेसाठी, आणि समितीतला कुणीतरी चष्मा वर करून विचारेल, ‘यांची पीएचडी संबंधित विषयातली आहे का?’ प्रवेश घेतानाच विचारून ठेव की पदवीच्या प्रमाणपत्रावर आणि पीएचडी झाल्याच्या विद्यापीठाच्या नोटिफिकेशनवर विषय म्हणून काय छापून येणार. तुझी एमएस्सी झूऑलॉजीची आणि नेट जीवविज्ञानाची, ही तुझी ढाल आहे, ती कायम सोबत ठेव. २०२३ च्या जुलैपासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान पात्रता पुरते, पीएचडी सक्तीची नाही. मग नुसतं कॉलेजात लागण्यासाठी पीएचडी करायची गरजच नाही, हेही लक्षात घे. ती करायची तर प्रश्नासाठी कर.

स्थळांबद्दल मी जास्त बोलणार नाही, ते तुझं घर आहे. एवढंच की मुलगा भेटायला आला तर त्याला पगार विचारण्याआधी विचार, ‘आठवड्यात दोन रात्री प्रयोग बारापर्यंत चालला तर घरात जेवणाचं काय?’ उत्तर देताना तो आईकडे बघतो का ते बघ. आणि नियम सांगून ठेवते, कारण लॅबमध्ये कुणी आपणहून सांगत नाही: पीएचडीची मुदत सहा वर्षं, विद्यार्थिनींना आणखी दोन वर्षांची सवलत आहे आणि २४० दिवसांपर्यंतची बाळंतपणाची रजा आहे. मुलाखतीत लग्नाबद्दल विचारलं, तर ‘त्याचा कामाशी संबंध नाही’ असं हसून म्हणायला शीक. आमच्या पिढीला ते जमलं नाही.

दरम्यान गावात बसून काय करता येईल? पायथन ही संगणकाची भाषा शीक, आणि संख्याशास्त्र पुन्हा काढ. झूऑलॉजीवाले गणिताला घाबरून इकडे आलेले असतात आणि न्यूरोसायन्स त्यांना फिरवून पुन्हा गणिताच्याच दारात आणून सोडतं. आज लॅबमध्ये निम्मा वेळ कोड लिहिण्यात जातो. न्यूरोमॅच अकादमी म्हणून उन्हाळ्यातला ऑनलाइन कार्यक्रम आहे, २०२० पासून चालतो, फी देशाप्रमाणे कमी होते. आणि २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा जाहीर झाला: सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी, ५ कोटींहून जास्त जोडण्या. तो सगळ्यांसाठी खुला आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या संगणकावर, लाइट असेल तेव्हा, तू तो उघडू शकतेस. आमच्या वेळी असं काही असतं तर मी कदाचित फ्रिजवाल्याशी भांडले नसते.

लॅबला ईमेल लिहिशील तेव्हा ‘मला मेंदूबद्दल अतिशय आवड आहे’ हे वाक्य लिहू नकोस. असे ईमेल आठवड्याला पन्नास येतात. चार ओळी लिही: तुमचा अमुक निबंध वाचला, त्यातली तिसरी आकृती मला कळली नाही, कारण हे. मी नेट-जेआरएफ आहे, मला हे हे येतं, हे येत नाही. मे-जूनमध्ये दोन महिने येऊ का? सोबत बायोडेटा एक पान. पंधरा ठिकाणी पाठव, बारा उत्तरं येणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, ते उद्धट नसतात, बहुतेक जण त्या वेळी कुठलीतरी वायर शोधत असतात.

दोन महिने संपल्यावर मला लिही. ‘कंटाळा आला’ असं लिहिलंस तरी चालेल. मग आपण कॉलेज, पात्रता आणि सरळ मार्गाने निघणाऱ्या जागा यांच्याबद्दल बोलू, आणि तेही तितक्याच मनापासून.

तुझी,
सल्लेवाली मॅडम

ता. क. अकादमीच्या फेलोशिपचे अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे असतात आणि सोबत शिफारसपत्र लागतं. विभागप्रमुखांकडे दिवाळीची सुट्टी लागण्याआधी जा, नंतर ते गावी गेलेले असतात. आणि शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला पहिल्या झुरळाची गोष्ट सांगून थांब. दुसरं झुरळ कशाला हवं, हे तो स्वतः काढतो का बघ.